तिथी पाहून शीड उभारा : मुंबईहून राजपुरीच्या खाडीपर्यंत दोघांची सफर

बोट विकत घ्यायची, भाड्याने घ्यायची की क्लबातल्या ओळखीच्या कुणाची मागून न्यायची, हे नंतर ठरवा. दोघांनी मिळून मुंबईहून दक्षिणेकडे, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या खाडीपर्यंत शिडाने जायचं मनात असेल तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवा. सफरीची तारीख त्यातून निघते. तारीख आधी आणि सुट्टीचा अर्ज नंतर, हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे हिशोब अवघड होतात.

मी आणि माझा नवरा सत्तावीस फुटी बोटीतून हा किनारा करतो. बोटीला दीड मीटर पाणी लागतं, म्हणजे कीलचं (बोटीच्या बुडाखालच्या जड पात्याचं) टोक पाण्याखाली दीड मीटरवर असतं. खाली जे काही सांगितलंय ते अशा बोटीसाठी, आणि बोटीवर दोनच माणसं आहेत असं धरून. चौथा-पाचवा हात असेल तर बऱ्याच गोष्टी निभावून जातात. दोघांत त्या निभावत नाहीत, म्हणून त्या आधीच ठरवून ठेवाव्या लागतात.

तिथीची पाऊणपट

मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. त्यामुळे आजची भरती कालच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. एवढं शाळेत शिकलेलं असतं. ते वापरायचं कसं, हे मला मांडव्याच्या एका वृद्ध तांडेलांनी, म्हणजे कोळी बोटीच्या प्रमुखांनी, सांगितलं. मी मोबाइलवर आलेख शोधत होते, तेव्हा ते म्हणाले, "बाय, तिथीची पाऊणपट कर. तीच भरती."

चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. सकाळची भरती काढली की रात्रीची तिच्यापुढे बारा तास पंचवीस मिनिटांवर, आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही चुकतो, पण घरात बसून सफरीची रूपरेषा आखायला पुरतो. प्रत्यक्ष निघताना भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातली वेळ आणि उंचीच धरायची. मुंबईच्या एकाच दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात आणि तो फरक पंचांग सांगत नाही.

आता उंचीकडे या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास सगळ्यात कमी ते भांग. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर. भांगाची भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. हे आकडे सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजलेले असतात. नकाशावर एखाद्या जागी ०.३ मीटर खोली छापली असेल, तर त्या क्षणी तिथे किती पाणी आहे हे काढायला त्यात भरतीची त्या वेळची उंची मिळवायची. उधाणाला सहा तासांत साडेतीन मीटरहून जास्त पाणी चढतं किंवा उतरतं. भांगाला तेवढ्याच वेळात दीड मीटरही नाही.

पाणी सगळे तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत वाटा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी सकाळी सहाला ०.७६ वर ओहोटी असेल तर सातला १.०७, आठला १.६८, नऊला २.५९, दहाला ३.५१, अकराला ४.१२ आणि बाराला ४.४२. मधल्या दोन तासांत जवळजवळ दोन मीटर पाणी येतं, आणि प्रवाहही त्याच दोन तासांत सगळ्यात जोरात असतो.

समजा, एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे आणि नकाशा तिथे ०.३ मीटर दाखवतो. बोटीला दीड मीटर लागतं, वर अर्धा मीटर हाताशी ठेवा, म्हणजे दोन मीटर पाणी हवं. भरतीची उंची १.७ झाली की ते मिळतं. वरच्या कोष्टकाप्रमाणे ते सकाळी आठच्या सुमारास मिळेल, आणि उतरतीला दुपारी चारच्या सुमारास संपेल. म्हणजे आठ ते चार हे दार उघडं. त्यातही मी आठ ते बाराच वापरते, कारण चढत्या पाण्यात बोट टेकली तर तेच पाणी तिला उचलतं. लाटा असतील तर अर्धा मीटर शिल्लक पुरत नाही, एक मीटर धरा.

पहिली सफर अष्टमीच्या आसपासच का

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि भांगाची सकाळ-संध्याकाळी सहा-सातला. जगात इतर ठिकाणी ही वेळ वेगळी असेल. इथे ती अशी आहे, आणि इथला वाराही घड्याळ पाळतो.

नोव्हेंबर ते मे या काळात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, हलका, ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, तासभर सगळं स्तब्ध होतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढत जातो. मार्च-एप्रिलमध्ये तर चार वाजता तो चांगलाच खवळलेला असतो.

आता दोन्ही घड्याळं एकावर एक ठेवा. उधाणाच्या दिवशी बारापासून सहापर्यंत ओहोटी. खाड्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे पाणी बाहेर धावतंय आणि नेमका त्याच वेळी वारा आणि समुद्राची लाट आत येतेय. दोघं समोरासमोर भिडतात आणि खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा फुटतात. संध्याकाळी दमून पोचावं तर पाणी सुकत आलेलं, उजेड जात आलेला.

अष्टमी-नवमीला हेच चित्र पालटतं. दुपारी बारा-एकला ओहोटी संपते आणि नंतर भरती वाऱ्याबरोबर आत जाते, त्यामुळे तोंडाशी समुद्र बराच सपाट असतो. तुम्ही चारच्या सुमारास चढत्या पाण्यावर आत शिरता. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा भरती असते, मतलई वारा असतो, आणि उतरतं पाणी तुम्हाला खाडीतून बाहेर नेतं. प्रवाहही सौम्य. बंदराच्या तोंडाशी उधाणाला दोन नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे जाणारा प्रवाह पाच नॉटच्या बोटीला एका दिशेने सातचा वेग देतो आणि दुसऱ्या दिशेने तीनवर आणून ठेवतो. भांगाला ही ओढाताण नसते.

भांग अष्टमीलाच तळाशी जातो असं नाही, दीड-दोन दिवस मागे रेंगाळतो. म्हणून सप्तमी ते एकादशी हे पाच दिवस निवडा. महिन्यातून दोनदा येतात.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्याच्या मध्यापासून नैर्ऋत्येची लाट येऊ लागते, तेव्हा बोट बांधून ठेवावी. १ जून ते ३१ जुलै कोळी बांधवांच्या बोटीही किनाऱ्याला असतात. अरबी समुद्रातली चक्रीवादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. ३ जून २०२० चं निसर्ग याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघताना हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इनकॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दोन्ही पाहा, आणि दोन्हींपैकी एक जरी नको म्हणत असेल तरी थांबा.

दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने बोट आणता आली पाहिजे

बहुतेक जोडप्यांत एक जण बोट चालवतो आणि दुसरा सांगितलेलं करतो. सहसा नवरा सुकाणूवर आणि बायको दोर सांभाळते, चहा करते. हे मला मनापासून खटकतं, आणि त्याचं कारण सुरक्षिततेचं आहे. सुकाणूवरचा माणूस पाण्यात पडला किंवा छातीला हात लावून खाली बसला, तर बोट परत आणणारं कुणी उरत नाही.

निघायच्या आधी दोन-तीन रविवार बंदराच्या आतच सराव करा. एक दिवस तुम्ही सगळं करा आणि जोडीदाराने हात बांधून बसावं, दुसऱ्या दिवशी उलट. इंजिन चालू करणं, मेनसेल म्हणजे मोठं शीड चढवणं-उतरवणं, रीफ घेणं (वारा वाढला की शीड लहान करणं), जिब म्हणजे पुढचं शीड गुंडाळणं, नांगर टाकणं आणि उचलणं, रेडिओवर बोलणं. नांगर उचलणं जड जातं म्हणून ते नवऱ्याकडे, असं आमच्याकडे पहिलं वर्षभर होतं. खरं तर सुकाणू आणि इंजिनाला ताकद लागत नाही, अंदाज लागतो, आणि साखळीला ताकद लागते. आता नांगराच्या वेळी सुकाणू माझ्याकडे असतं. त्यामुळे आमचं नांगर टाकणंही शांत झालं.

हाताच्या खुणा ठरवून घ्या. इंजिन चालू असताना, वाऱ्यात, नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) मागे ओरडलेलं काही ऐकू येत नाही, आणि ओरडण्याचा सूर मात्र पोचतो. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब आणि नांगर धरला, एवढ्या सहा खुणा पुरतात.

पाण्यात पडलेल्या माणसाला उचलण्याचा सराव नांगरावर असताना, ओहोटी-भरतीच्या मधल्या स्थिर पाण्यात, लाइफजॅकेट घालून खरोखर करून पाहा. बोट परत वळवून जवळ नेणं जमतं. ओले कपडे घातलेल्या माणसाला काठावरून वर ओढणं एकट्याने जमत नाही. पाण्याखाली दोन पायऱ्या जाईल अशी शिडी हवी, आणि ती पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता आली पाहिजे. तो बेशुद्ध असेल तर हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) त्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्याला, अडकवून विंचने (दोर ओढायच्या चरकाने) उचलायचं. माझं वजन त्याच्यापेक्षा बरंच कमी आहे. विंचशिवाय मी त्याला वर घेऊ शकत नाही हे मी करून पाहिलंय. म्हणून आमचा नियम असा की दुसरा खाली झोपलेला असेल तर सुकाणूवरचा माणूस हार्नेस अडकवल्याशिवाय कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून, हलत नाही.

निघण्याआधी

कागद: बोटीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं, मूळ प्रती पाणी न लागणाऱ्या पिशवीत. २००८ च्या हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर सागरी पोलीस, तटरक्षक दल आणि नौदल यांची तपासणी कडक आहे, आणि तशी असायलाच हवी. त्यांची बोट जवळ आली की वेग कमी करा, दोघंही दिसाल असे उभे राहा, विचारतील ते सांगा. नौदलाची गोदी आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र यांच्या आसपासच्या पाण्यात शिरायचं नाही. कुठे जाणार, कुठे मुक्काम, कधी परत, हे क्लबला किंवा बोट ठेवता त्या जागेला आणि सागरी पोलिसांना आधी कळवा. घरीही एकाला लेखी देऊन ठेवा. आमच्याकडे ही जबाबदारी सासूबाईंची. रोज संध्याकाळी सातला फोन, आणि साडेआठपर्यंत आला नाही तर कुणाला फोन करायचा ते त्यांच्या फ्रिजवर लिहिलेलं असतं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर सतत चालू ठेवा. किनाऱ्यापासून दूर मोबाइलवर भरवसा नको.

नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे, कागदी. मोबाइलवरचा नकाशा सोयीचा आहे आणि आम्हीही वापरतो, पण खाडीच्या तोंडची वाळू प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलते आणि ते कुठल्याच नकाशात लगेच येत नाही. तिथे पाणी मोजणारं यंत्र आणि स्थानिक कोळी यांचंच खरं धरायचं.

इंजिनाला पाणी ओढणाऱ्या गाळणीकडे विशेष लक्ष द्या. मुंबई बंदरातल्या पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या ती क्षणात बंद करतात. धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय का, हे दर दहा मिनिटांनी मागे वाकून पाहायची सवय लावून घ्या. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात दोर किंवा जाळं अडकलं तर कापायला दातेरी सुरी कॉकपिटमध्येच, हाताशी.

जेवणाचं सोपं ठेवा. दशम्या दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी त्याहून जास्त. झाकण बंद राहतं म्हणून हलत्या बोटीवर कुकरसारखं सुरक्षित भांडं नाही. मऊ भात, मेतकूट आणि तूप यांनी बिघडलेलं पोटही ताळ्यावर येतं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर आणि दोन दिवसांचं जास्तीचं. समुद्र लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

सप्तमी: गेटवे ते मांडवा

अंतर सरळ रेषेत सुमारे सात सागरी मैल. सप्तमीला सव्वापाचच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळभर ओहोटी बंदराच्या बाहेर जाते. नऊला निघालात तर ती तुमच्याबरोबर आहे.

हे सात मैल छोटे दिसतात, पण सगळ्या सफरीतला जहाजांचा त्रास इथेच आहे. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा दोन्हींकडे जाणारी मोठी जहाजं याच तोंडातून येतात. खोदलेल्या मार्गातून चालणारं जहाज तुमच्यासाठी वळू शकत नाही, थांबूही शकत नाही. शिडाला मान असतो हा नियम तिथे लागू नाही. पंधरा नॉटने येणारं जहाज तीन मैलांवर दिसलं तर ते बारा मिनिटांत तुमच्यापाशी येतं. हिवाळ्याच्या सकाळी धुरक्यात ते तीन मैलांवर दिसतही नाही, तेव्हा धुरकं विरेपर्यंत थांबा. मार्ग काटकोनात, इंजिन चालू ठेवून, सरळ ओलांडा. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला असतो. बाहेर पडताना उलट.

मांडव्याला जेट्टीवर कॅटमरान आणि भाऊच्या धक्क्याहून येणारी, गाड्या वाहणारी रो-रो बोट यांची ये-जा असते. त्यांचा मार्ग पूर्ण मोकळा सोडून नांगर टाका.

नांगर, आणि आमच्याकडून झालेली चूक

पहिल्याच वर्षी, अष्टमीचं शहाणपण यायच्या आधी, आम्ही पौर्णिमेला मांडव्याला गेलो. संध्याकाळी सहाला पोचलो, ओहोटीचं टोक. पाणी तीन मीटर. पाचपट साखळी सोडावी असं वाचलेलं, म्हणून पंधरा मीटर सोडली आणि जेवून झोपलो. रात्री बाराला बोट वेगळीच हलायला लागली म्हणून मला जाग आली. वर येऊन पाहिलं तर संध्याकाळी ज्या दिव्याच्या समोर होतो तो दिवा कुठेच नव्हता. नांगर घसरत होता आणि बोट पाण्याबरोबर शांतपणे चालली होती.

हिशोब साधा होता आणि आम्ही तो केला नव्हता. सहाला तीन मीटर पाणी होतं. मध्यरात्रीपर्यंत त्यात साडेतीन मीटरहून जास्त भर पडली. पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर. म्हणजे नांगरापासून बोटीपर्यंत उभं अंतर साडेसात मीटरच्या पुढे आणि साखळी पंधरा, म्हणजे फक्त दुप्पट. नांगर आडवा ओढला गेला तरच चिखलात रुततो. उभा ओढला की सुटतो. त्या रात्री अडतीस मीटर साखळी हवी होती.

म्हणून कायम असं करा. नांगर टाकताना दोन आकडे काढा. पहिला, रात्रीतली सगळ्यात मोठी भरती आल्यावर इथे किती पाणी असेल; त्यात नाळेची उंची मिळवून पाचपट साखळी. दुसरा, सगळ्यात खालच्या ओहोटीला इथे किती उरेल. ते बोटीच्या दीड मीटरपेक्षा निदान एक मीटर जास्त हवं. भांगाला ओहोटीचं पाणी तीन मीटर असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस मीटर साखळी पुरते.

साखळी सोडताना बोट प्रवाहाने किंवा वाऱ्याने हळूहळू मागे जाऊ द्या, ढीग पडू देऊ नका. मग इंजिन मागे टाकून हळू ओढा, दोन मिनिटं तसंच धरा, आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत पाहा: पुढे एखादा माड, मागे देवळाचा कळस. ओढ देऊनही माड आणि कळस एका रेषेत राहिले तर नांगर धरला. कोळी लोक मासेमारीच्या जागा अशाच किनाऱ्यावरच्या खुणांची रेषा जुळवून पिढ्यानपिढ्या ओळखत आले आहेत. रात्रीसाठी रेषा दिव्यांची हवी, म्हणून अंधार पडला की नवी निवडा.

दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट नांगराभोवती पूर्ण फिरते. तेव्हा साखळीच्या लांबीचं वर्तुळ चारही बाजूंनी मोकळं आहे ना, हे टाकतानाच पाहायचं. रात्री पाणी फिरण्याच्या वेळेचा गजर लावून एकाने उठायचं. आमच्यात तो आळीपाळीने.

अष्टमी: मांडवा ते राजपुरी

सुमारे तेहेतीस मैल. पहाटे सहाला, भरती पूर्ण झालेली असताना नांगर उचला. साडेचार नॉटने सात-साडेसात तास.

सुरुवातीलाच थळच्या समोरचा भाग येतो, आणि हा किनाऱ्यातला सगळ्यात फसवा तुकडा. उंदेरी बेट किनाऱ्याला लागून, खांदेरी बेट त्याच्या बाहेर, आणि भोवती पाण्याखालचे खडक. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या हलक्या बोटी उथळ पाण्यातून, भरतीच्या वेळा साधून रसद पोचवत राहिल्या, आणि इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. आपली कीलची बोट इंग्रजांच्या बाजूची आहे हे लक्षात ठेवून खांदेरीच्या पश्चिमेने, बाहेरून जा. मैलभर वाढतं, वाढू दे. खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ पासून तिथे आहे. तो डाव्या हाताला ठेवा.

पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला दिसेल. ओहोटीला लोक तिथे चालत जातात. जिथे माणूस चालत जातो त्या पाण्याच्या जवळ जायचं कारण नाही. दोन-तीन मैल बाहेरून चला.

दिवसभर खरी काळजी जाळ्यांची. डोलीची जाळी प्रवाहात तोंड उघडून खुंटांना बांधलेली असतात, बोंबील त्यांतच येतो, आणि पाण्यावर फक्त तरंगणारे बोये दिसतात. बोयांची रांग दिसली तर मधून वाट काढू नका, टोकापर्यंत जाऊन वळसा घाला. वाहती जाळी मैल-मैल लांब असू शकतात. टोकाला झेंडा असतो आणि बहुतेक वेळा जवळ त्यांची बोट. ते हात हलवून ज्या बाजूला जा म्हणतील त्या बाजूला लगेच वळा. ते जाळं एखाद्या घराचं वर्षभराचं उत्पन्न असतं. पंख्यात अडकलंच तर आधी इंजिन बंद, मग त्यांना बोलवा, आणि त्यांच्या संमतीशिवाय सुरी लावू नका. याच कारणासाठी या किनाऱ्यावर दोघांनी रात्री चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडाशी, कोर्लईच्या डोंगराखाली, आसरा मिळतो. पण तोंड उथळ आहे आणि मालाचे बार्ज ये-जा करतात. ऐन दुपारी ओहोटीला तिथे शिरायचा प्रयत्न करू नका. वारा अपेक्षेपेक्षा जास्त चढला तर तीन वाजेपर्यंत बाहेर थांबून चढत्या पाण्यावर आत जा.

दोनच्या सुमारास मुरुड मागे पडतं, पद्मदुर्ग आणि मग जंजिरा दिसतो. राजपुरीची खाडी खोल आहे, दिघीला मालवाहू जहाजं जातात, त्यामुळे इथे भरतीसाठी अडून राहावं लागत नाही. म्हणूनच पहिल्या सफरीला मी हीच जागा सुचवते. जहाजांचा मार्ग आणि आगरदांडा-दिघी फेरी सोडून आत जा. दक्षिणेकडे यावं तशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि तिचा चढही कमी होतो, कोष्टकातला फरक लावून घ्या.

नवमीचा दिवस इथेच राहा. राजपुरीहून पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्या शिडाच्या होड्या बघत बसा. इंजिन नाही, एक मोठं तिरकं शीड, आणि प्रवाहाचा इतका नेमका अंदाज की होडी दरवाजाशी येऊन आपोआप मंदावते. आम्ही दोघं तासभर बोलत नाही तेव्हा.

बोट टेकलीच तर

चढत्या पाण्यात टेकली तर काही करू नका. खोल बाजूला छोटा नांगर टाकून ठेवा, म्हणजे उचलल्यावर ती आणखी आत जाणार नाही. उतरत्या पाण्यात टेकली तर हातात दोन-तीन मिनिटं आहेत: शीड सोडा, इंजिन मागे, एकाने बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर काढून तिच्यावर वजन टाकायचं, बोट कलली की कील थोडी वर येते. नाही निघाली तर सोडून द्या. खोल पाण्याकडे नांगर टाका, कलणाऱ्या बाजूच्या खिडक्या आणि खालचे नळ बंद करा, गॅस बंद करा आणि पाणी परत यायची वाट पाहा. रेडिओवर कळवून ठेवा.

उधाणाच्या ऐन भरतीला टेकणं सगळ्यात वाईट. त्यानंतरची प्रत्येक भरती आधीपेक्षा ठेंगणी असते, आणि पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, पाणी बोटीपर्यंत पुरेसं पोचतच नाही. अनोळखी खाडीत उधाणाच्या माथ्यावर न जाण्याचं हे आणखी एक कारण.

दशमी आणि एकादशी: परत

जाताना वारा पाठीमागे होता, परत येताना तोच तोंडावर आहे. इथे जोडपी थकतात आणि भांडतात, म्हणून परतीच्या दिवसाला जास्त वेळ द्या. पहाटे साडेपाच-सहाला, दिसायला लागताच निघा. मतलई वारा चार तास तुम्हाला बाजूने मिळतो, त्यात निम्मं अंतर काटा. दहानंतर तो पडला की मेनसेल वर ठेवून इंजिन लावा. दुपारी वायव्येचा वारा चढेपर्यंत खांदेरी गाठलेली हवी. रीफ आधीच, पाणी सपाट असताना घ्या. दशमीला ओहोटी साधारण पावणेदोनला संपते, आणि बंदराच्या तोंडाशी तुम्ही दोनच्या आसपास पोचता तेव्हा भरती आत निघालेली असते. ती मांडव्यापर्यंत नेते.

एकादशीला सकाळची भरती सव्वाआठच्या सुमारास. सहाला नांगर उचलला तर शेवटचे दोन तास चढतं पाणी आणि मतलई वारा, दोन्ही तुमच्या बाजूचे. आठच्या आत मुंबईच्या कुलाब्याच्या आत, आणि मुरिंगच्या, म्हणजे बोट बांधायच्या, बोयाशी पोचाल तेव्हा पाणी जवळजवळ थांबलेलं असेल. तरी एकदा इतर बांधलेल्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते पाहा. पाणी ज्या दिशेने येतंय तिकडे ती असतात, तुम्हीही त्याच दिशेने हळू या. एक जण हुक घेऊन नाळेवर, दुसरा सुकाणूवर, आणि पहिल्या खेपेला बोया हुकला तर गोल फिरून पुन्हा. बोट बांधून झाली की घरी फोन करा, आणि कोष्टकातली भरती आणि प्रत्यक्ष दिसलेली भरती यांत किती मिनिटांचा फरक पडला, प्रत्येक मुक्कामाला नांगराखाली किती पाणी होतं, बोये कुठे दिसले, हे बोटीवरून उतरण्याआधी वहीत लिहून टाका.